पालशेतच्या वाळूत मोडलेले हाड : उपचारांतील हलगर्जीपणाच्या कायद्याची पार्श्वभूमी

हात-पाय मोडून दवाखान्यात गेलेला माणूस दगावला किंवा कायमचा अधू झाला की घरचे लोक विचारतात, ‘डॉक्टर चुकले का?’ न्यायालय हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारते : डॉक्टरांनी पुरेशी काळजी घेतली होती का? भारतात या प्रश्नाला जो कायदेशीर आकार आला, त्यात कोकणातल्या एका अपघाताचा वाटा मोठा आहे.

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीसएक वर्षांच्या तरुणाला संध्याकाळी अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. घर किनाऱ्यापासून दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंत बराच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि पुण्याला न्यायला सांगितले. त्या काळी त्या साधनांत तेवढेच करणे शक्य होते आणि ते योग्यच होते. मग टॅक्सीतून सुमारे दोनशे मैलांचा, जवळजवळ अकरा तासांचा प्रवास झाला. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला त्या रस्त्यांवरून असे नेणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. पुण्याला पोहोचेपर्यंत तो थकून गेला होता, आणि ही थकावट पुढे खटल्यात महत्त्वाची ठरली.

पुण्यात अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक्स-रे काढले गेले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने द्यायला सांगितली होती, त्यांपैकी एकच दिले गेले. त्यानंतर पायावर उपचार झाले आणि प्लास्टर घातले. संध्याकाळी मुलाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला आणि रात्री नऊच्या सुमारास तो गेला. दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिले गेले ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे हाडातली चरबी रक्तात शिरून रक्तवाहिनी अडणे.

डॉक्टरांच्या बाजूनेही इथे सांगण्यासारखे आहे. मांडीसारखे लांब हाड मोडले की मज्जेतली चरबी रक्तात जाण्याचा धोका असतोच, उपचार कितीही चांगले झाले तरी. तेव्हा रुग्ण गेला म्हणून डॉक्टर दोषी, असे म्हणता येत नाही. वाद होता त्या खोलीत नेमके काय घडले याचा. वडिलांचे म्हणणे, भूल न देताच तीन सहायकांकडून पाय जोर लावून ओढला आणि हाड बसवण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांचे म्हणणे, रुग्ण प्रवासाने थकला होता म्हणून हाड बसवण्याचे काम पुढे ढकलले, फक्त हलका ताण देऊन प्लास्टर केले.

वडील स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉक्टर होते. कोणता उपचार कोणत्या क्रमाने व्हायला हवा आणि साक्षीत काय विचारायचे, हे त्यांना ठाऊक होते. माझ्या मते या खटल्यात हीच गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. मोडलेल्या पायाचा मुलगा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला किंवा गिरणी कामगाराला ही लढाई पहिल्या पायरीवरच सोडावी लागली असती.

दिवाणी न्यायालयाने वडिलांचे म्हणणे मान्य केले आणि ३,००० रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला. २ मे १९६८ रोजी, अपघाताला पंधरा वर्षे होत आली असताना, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. भूल देण्याची प्राथमिक खबरदारी न घेता हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, हा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष चूक मानायला आधार नाही, असे ठरले. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने हा निकाल आजही उद्धृत होतो, तो त्यातल्या तीन कर्तव्यांमुळे : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. कौशल्य सर्वोच्च दर्जाचे हवे असे नाही, पण वाजवी तरी हवेच.

‘वाजवी’ म्हणजे किती, याचे माप भारतीय न्यायालयांनी बरेचसे इंग्लंडहून घेतले. तिथे १९५७ साली बोलम नावाच्या रुग्णाचा खटला चालला. मानसिक आजारासाठी विजेचे झटके देताना स्नायू शिथिल करणारे औषध दिले नव्हते आणि त्याची खुब्याची हाडे मोडली. त्याच शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला जी पद्धत मान्य आहे, ती वापरणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, असा नियम न्यायाधीशांनी सांगितला आणि बोलम हरले. या नियमाने डॉक्टरांना निर्धास्तपणे निर्णय घेता येतात हे खरे, पण रुग्णाला न्याय मिळण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरची साक्ष लागते, आणि सहव्यावसायिकाविरुद्ध उभे राहायला फार थोडे तयार होतात.

दिवाणी दाव्याचा खर्च आणि वर्षे पाहता सामान्य माणसाला दार उघडले ते ग्राहक कायद्याने. कायदा १९८६ चा, पण डॉक्टरांची सेवा त्यात येते की नाही यावर वाद चालू राहिला. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने तो मिटला : पैसे घेऊन दिलेली सेवा कायद्यात येते, सर्वांना पूर्ण मोफत सेवा देणारी रुग्णालये येत नाहीत. म्हणजे सरकारी दवाखान्यात मोफत उपचार घेणारा गरीब माणूस पुन्हा दिवाणी न्यायालयाच्याच वाटेवर राहिला. तिथे किती थांबावे लागते याचे उदाहरण औरंगाबादचे आहे. १९६३ साली सरकारी रुग्णालयात नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. सरकार भरपाईला जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून ठरायला १९९६ साल उजाडले.

फौजदारी बाजू वेगळी. २००५ मध्ये ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने सांगितले की फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा ठळक, गंभीर स्वरूपाचा हवा. तपास अधिकाऱ्याने आधी निष्पक्ष डॉक्टरचे मत घ्यावे, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, आणि सरसकट अटक करू नये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत.

१९५३ ची अडचण मात्र आजही तीच आहे : खोलीत काय झाले हे रुग्णाने कसे दाखवायचे? तोंडी साक्षीपेक्षा कागद भक्कम असतो. रुग्णाला त्याचे कागद मिळालेच पाहिजेत, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घेतली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची नोंद तीन वर्षे जपावी लागते आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्यावी लागते. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. हाड मोडलेल्या रुग्णाच्या बाबतीत मागायचे ते हे : हाड बसवण्यापूर्वीचे आणि नंतरचे एक्स-रे, भुलीची नोंद, संमतीपत्र, आणि प्लास्टर घातल्यावर बोटांचा रंग, संवेदना व नाडी कोणी, किती वाजता तपासली याची परिचारिकांची नोंदवही. ग्राहक आयोगाकडे जायचे असेल तर मुदत साधारणपणे दोन वर्षांची आहे.