चिवडा अमेरिकेत विकायचा तर: पाकिटामागच्या नियमांची पार्श्वभूमी

न्हावाशेवाहून निघालेला चिवडा-चकलीचा कंटेनर अमेरिकेच्या बंदराला लागतो, तेव्हा खोके उघडण्याआधी कागद पाहिले जातात. माल कोणत्या कारखान्यात बनला, त्या कारखान्याची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे नोंदणी आहे का, माल येत असल्याची सूचना आधी दिली होती का, आणि आयातदार म्हणून जबाबदारी कोणाची. आपल्याकडचे बरेच लघुउद्योजक याला निव्वळ छळ समजतात. मला ते पटत नाही. यातले बहुतेक नियम माणसे आजारी पडल्यावर, दगावल्यावर आले आहेत. ते का आले हे कळले, की पाळताना हात आखडत नाही.

सुरुवात १९०६ च्या कायद्याने झाली. भेसळीचे आणि खोट्या लेबलाचे अन्न विकायला त्याने बंदी घातली, पण त्यात धार कमी होती. १९३७ मध्ये एका औषधी काढ्यात विषारी द्रावक वापरला गेला आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत लहान मुले बरीच होती. त्यानंतर १९३८ चा कायदा आला, तो आजही पाया आहे. आयातदाराने त्यातले एक कलम पक्के लक्षात ठेवावे. बंदरावर माल अडवायला एफडीएला दोष सिद्ध करावा लागत नाही; मालात दोष असावा असे दिसले तरी पुरते. नाकारलेला माल ९० दिवसांत परत न्यायचा, नाहीतर नष्ट करायचा. अशा मालाची यादी उत्पादकाच्या नावासह आणि कारणासह जाहीर होते, कोणीही पाहू शकतो.

आपला फराळ या व्यवस्थेत उशिरा आला. १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला, भारतातून डॉक्टर-इंजिनिअर जाऊ लागले आणि त्यांच्यामागून किराणा गेला. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ मध्ये सुरू झाले. पुढे न्यूयॉर्कचे जॅक्सन हाइट्स आणि न्यू जर्सीतला ओक ट्री रोड भारतीय दुकानांनी भरत गेला. १९९० च्या कायद्याने पाकिटावर पोषणमूल्यांचा तक्ता सक्तीचा झाला.

खरी कलाटणी मिळाली ती २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर. अन्नातून विषप्रयोग होईल या भीतीने २००२ मध्ये कायदा झाला. कारखान्याची नोंदणी आणि मालाची आगाऊ सूचना या दोन्ही गोष्टी त्यातल्या. त्यानंतरचा धक्का मात्र परदेशी मालाने दिलेला नव्हता. २००८-०९ मध्ये एका शेंगदाणा कंपनीच्या अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या कारखान्याच्या मालातून साल्मोनेला हा रोगजंतू पसरला, ७०० हून अधिक लोक आजारी पडले, नऊ जण गेले. माल दूषित असल्याचे कंपनीत ठाऊक होते, तरी तो पाठवला गेला. तिच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची कैद झाली. २०११ चा अन्नसुरक्षा कायदा येण्यामागे जी प्रकरणे होती, त्यांत हे ठळक होते.

या कायद्याने बंदरावरच्या तपासणीचा भार आयातदाराच्या खांद्यावर टाकला. २०१७ पासून या जबाबदारीची अंमलबजावणी सुरू झाली. आता अमेरिकेतल्या आयातदाराने पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या पुरवठादाराच्या मालात कोणते धोके संभवतात, ते आधी लिहून काढायचे. ते धोके तिथे कसे आटोक्यात ठेवले जातात याची खातरजमा करायची आणि नोंदी जपायच्या. माल चांगला आहे, वर्षानुवर्षे घेतोय, हे उत्तर चालत नाही. भाजके शेंगदाणे किती तापमानाला किती वेळ भाजले, आणि भाजल्यावर ते कच्च्या दाण्यांच्या टोपलीत तर गेले नाहीत ना, हे विचारले जाते. माझ्या मते गेल्या शतकभरातला सर्वांत मोठा बदल हाच. चूक आता थेट भट्टीपाशी शोधली जाते.

ॲलर्जीच्या बाबतीत आपली सर्वांत जास्त फसगत होते. २००४ च्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, बदाम-काजूसारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन असे आठ घटक साध्या नावाने सांगणे २००६ पासून सक्तीचे केले. पातळ पोह्यांचा चिवडा घ्या. त्यात गहू नाही असे कोणीही छातीठोकपणे सांगेल. पण फोडणीतला हिंग? डबीत मिळणारी हिंगपूड बहुधा शुद्ध हिंग नसते. हिंगाचा खडा अतिशय उग्र, म्हणून त्यात मैदा आणि डिंक मिसळतात. म्हणजे चिमूटभर हिंगाबरोबर गहू आला, आणि तो पाकिटावर नसला तर माल परत मागवावा लागतो. ज्याला गव्हाची तीव्र ॲलर्जी आहे त्याला ती चिमूटही भारी पडू शकते.

तीळ या यादीत नववे. २०२१ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. चकली, बाकरवडी, तिळाची चिक्की, गुळपोळी, सगळ्यांची लेबले बदलावी लागली. तिथल्या काही बेकऱ्यांनी यंत्रे तीळमुक्त ठेवण्यापेक्षा पावात मुद्दाम थोडे तिळाचे पीठ घालून तसे छापायला सुरुवात केली. तिळाची ॲलर्जी असलेल्यांच्या हातून नेहमीचा पाव गेला. कायद्याच्या चौकटीत बसत असले तरी हे वागणे मला वाईट वाटते.

तेलाचे थोडक्यात. वनस्पती तुपासारखी अंशतः हायड्रोजनीकृत तेले सुरक्षित मानता येत नाहीत, असे एफडीएने २०१५ मध्ये ठरवले आणि २०१८ पासून ती अन्नात घालणे बंद केले. मोहरीचे तेल तिथे फक्त बाहेरून लावण्यासाठी म्हणून विकतात, तेव्हा त्यात तळलेला माल धाडू नये. कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे लाल रंग भारतात चालतात, अमेरिकेत नाहीत.

एका देशासाठी केलेले पाकीट दुसऱ्या देशात जसेच्या तसे चालेल, हेही गृहीत धरू नये. मसाल्यांतले जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड हा वायू वापरण्याची मुभा अमेरिकेत मर्यादेत आहे, युरोपात ते चालत नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने याच कारणावरून काही भारतीय मसाले विक्रीतून काढायला लावले. शेंगदाण्यातल्या अफलाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीतून येणाऱ्या विषाची, मर्यादा अमेरिकेत किलोला २० मायक्रोग्रॅम, तर युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांसाठी ४. बाकरवडीच्या सारणातली खसखस न्यू जर्सीत बिनधास्त विकता येते; सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी आहे. तिकडच्या ऑर्डरसाठी सारण वेगळेच बांधावे लागते.