‘कनिष्ठ बंधू’ म्हणजे कोण? नोव्हेंबरच्या तीन रविवारांची पार्श्वभूमी

2026 च्या नोव्हेंबरमध्ये 8, 15 आणि 22 तारखेला मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25 वा अध्याय ओळीने वाचला जाईल. आधी दहा कुमारी, मग धन्याने दासांवर सोपवलेले पैसे, आणि शेवटी ख्रिस्तराजाच्या सणाला मेंढरे व शेरडे वेगळी करणारा राजा. भुकेल्या, तहानेल्या, परक्या, उघड्या, आजारी आणि कैदेतल्या माणसाला ज्यांनी मदत केली त्यांना हा राजा शेवटच्या न्यायाच्या दिवशी उजवीकडे उभे करतो, ज्यांनी केली नाही त्यांना डावीकडे. तीन वर्षांतून एकदा ही वाचने अशी लागून येतात. दाखले आपल्या सर्वांच्या तोंडपाठ आहेत. ही मांडणी मात्र जेमतेम साठ वर्षांची आहे आणि ती सहजासहजी झालेली नाही.

आमच्या आईवडिलांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. उपासनावर्षाच्या, म्हणजे चर्चच्या सणवारांच्या वर्षाच्या, शेवटच्या रविवारी मत्तयाच्या 24 व्या अध्यायातला ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ ऐकू येई: पळून जा, घरातले काही घ्यायला खाली उतरू नका, सूर्य अंधकारमय होईल. दफनविधीच्या मिस्सामध्ये धर्मगुरूंच्या अंगावर काळी वस्त्रे असत आणि ‘क्रोधाचा दिवस’ हे लॅटिन गीत म्हटले जाई. शब्द कळत नसले तरी त्याच्या चालीनेच धडकी भरे, असे जुनी माणसे सांगत. न्यायाच्या दिवसाची तयारी म्हणजे प्रायश्चित्त, पापांची कबुली आणि चांगले मरण. मेंढरे-शेरड्यांचा उतारा तेव्हाही वाचला जाई, पण उपवासकाळातल्या पहिल्या सोमवारी. सोमवारी सकाळी चर्चमध्ये किती माणसे असतात, ते वेगळे सांगायला नको.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हे चित्र पालटले. ख्रिस्तराजाचा सण त्याआधीच, 1925 साली, सुरू झाला होता. महायुद्धानंतर राष्ट्रे आपल्याच सामर्थ्यापुढे लोटांगण घालत होती, त्यांना खरा राजा कोण हे सांगण्याचा तो प्रयत्न होता. तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येई. 1969 च्या सुधारणेत तो उपासनावर्षाच्या अगदी शेवटी नेला गेला आणि तीन वर्षांच्या नव्या वाचनक्रमात त्यातल्या एका वर्षी सोमवारचा तो उतारा या सणाला मिळाला. ‘क्रोधाचा दिवस’ दफनविधीतून गेले. काळ्या वस्त्रांच्या जागी बहुधा जांभळी किंवा पांढरी आली.

न्यायाची धार बोथट केली, नरकाचे नाव काढायला धर्मगुरू कचरू लागले, अशी तक्रार तेव्हापासून होते. ती करणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण 46 वे वचन अजूनही मोठ्याने वाचले जाते आणि ‘सार्वकालिक शिक्षा’ त्यात जशीच्या तशी आहे. माझ्या मते धार उलट वाढली आहे. डावीकडच्यांवर चोरीचा, खुनाचा, व्यभिचाराचा एकही आरोप नाही. त्यांनी काही केलेच नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. कबुलीला जाताना आपण केलेल्या गोष्टींची यादी करतो. न केलेल्यांची करायला बसलो तर?

आता ज्या शब्दाशी अडायला होते त्याकडे येतो. 40 वे वचन मराठी बायबलमध्ये असे आहे: ‘ज्या अर्थी तुम्ही ह्या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला केले त्या अर्थी ते मला केले आहे.’ आमच्या वाडीतल्या एक आजी, सहा भावंडांत वाढलेल्या, मला एकदा म्हणाल्या, “धाकट्या भावाला जपा, असं सांगितलंय ना त्यात?” मी लगेच अर्थ दुरुस्त करायला गेलो आणि थांबलो. चूक त्यांची नव्हतीच. कनिष्ठ बंधू म्हणजे धाकटा भाऊ, हाच मराठीतला सरळ अर्थ. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सर्वांत लहान’ असा, आणि गंमत अशी की संस्कृत ‘कनिष्ठ’मधला ‘इष्ठ’ हा प्रत्यय आणि त्या ग्रीक शब्दाच्या शेवटचा ‘इस्तोस’ हे एकाच मुळातून आलेले आहेत. भाषांतरकाराने अगदी तोलामोलाचा शब्द निवडला होता. पण आपल्या बोलण्यात तो पुढे घरातल्या धाकट्याकडे आणि कचेरीतल्या कनिष्ठ लिपिकाकडे सरकला.

खरा वाद दुसऱ्या शब्दाचा आहे. ‘बंधू’ कोण? मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू ‘माझे भाऊ’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा शिष्यांकडे हात करतो. बाराव्या अध्यायात तसे आहे आणि पुनरुत्थानानंतरच्या निरोपातही तसेच आहे. दहाव्या अध्यायात ‘ह्या लहानांतील एकाला’ प्यालाभर थंड पाणी देणाऱ्याला प्रतिफळाचे वचन आहे, तिथेही हे लहान म्हणजे पाठवलेले शिष्यच. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, हा न्याय सर्व राष्ट्रांचा, आणि प्रश्न एवढाच की दारात आलेल्या ख्रिस्ताच्या उपाशी, तुरुंगात पडलेल्या प्रचारकांशी ती राष्ट्रे कशी वागली. गरिबांच्या सेवेचा इथे संबंध नाही.

हा वाद आजचा नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियातला एक मोठा प्रवचनकार लोकांना खडसावत होता: चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रे घालता आणि बाहेर तो थंडीने कुडकुडतो आहे त्याच्याकडे बघतही नाही. त्याला बंधू म्हणजे कोणताही गरीब. त्याच सुमारास बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा विद्वान बेथलेहेमात बसून लिहीत होता की हे सरसकट सगळ्या गरिबांविषयी वाटत नाही, जे आत्म्याने दीन आहेत त्यांच्याविषयी आहे. दोघांनाही चर्चने संतपद दिले.

मी पहिल्याच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. कारण 45 व्या वचनात आहे. डावीकडच्यांना उत्तर देताना राजा तेच वाक्य उलटे करून म्हणतो, पण त्यात ‘बंधू’ हा शब्द नाही, फक्त ‘कनिष्ठ’ आहे. शिवाय दोन्ही बाजूंचे लोक विचारतात, ‘प्रभो, आम्ही तुला कधी पाहिले?’ प्रचारकाला पाणी देणाऱ्याला निदान आपण कोणाला पाणी देतो आहोत हे ठाऊक असते. इथे उजवीकडच्यांनाही ते ठाऊक नव्हते. हिशेब ठेवून केलेली सेवा ही नव्हे, नाहीतर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.

अर्थ कोणता धरला यावर कोणाच्या ताटात अन्न पडते ते ठरत आले आहे. येशू आता येणारच या भरवशावर थेस्सलनीका इथल्या काही पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हातातली कामे सोडली, तेव्हा त्यांना पत्रातून बजावावे लागले की जो काम करत नाही त्याने खाऊही नये. सहाव्या शतकातल्या मठांच्या नियमात दारी आलेला प्रत्येक पाहुणा ख्रिस्त समजून आत घ्यावा असे आले, आणि आधार दिला तो ‘मी परका होतो’ या वचनाचा. मत्तयात दयेची कामे सहा आहेत. मेलेल्याला पुरणे हे सातवे मध्ययुगात जोडले गेले. ते तोबिताच्या पुस्तकातून घेतलेले; ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसते, म्हणून तिथल्या मराठी बायबलमध्ये हे काम शोधून सापडणार नाही. पोर्तुगिजांनी गोव्यात आणि वसईत दयेच्या कामांसाठी बंधुसंघ आणले, ते ही सात कामे घेऊन. पण त्याच सत्तेच्या काळात गोव्यात धर्मन्यायालयही (इन्क्विझिशन) चालले, हे त्याच पानावर लिहायला हवे.

1899-1900 च्या दुष्काळात हा प्रश्न आपल्या दारात आला. अहमदनगरपासून गुजरातपर्यंत मिशनऱ्यांनी भुकेल्यांना अन्न दिले आणि त्याच वर्षांत बाप्तिस्मेही झाले. अन्न हे आमिष होते, हा आरोप तेव्हापासून ऐकतो आहोत. काही ठिकाणी तो खरा असेलही. कोणी ‘बंधू’ झाल्यावरच त्याला वाढायचे असेल, तर तो ‘बंधू म्हणजे फक्त ख्रिस्ताचे शिष्य’ या अर्थाचाच परिणाम म्हणावा लागेल. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला एका संस्कृत पंडितेने दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा सांभाळल्या. त्यांना दळण, विणकाम, शेती शिकवली. 1905 मध्ये तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली, रात्ररात्र प्रार्थना चालत. त्या काळातही दळणाची जाती फिरत होती आणि विहिरीचे पाणी ओढले जात होते. पुढे त्याच आश्रमातल्या मुलींनी छपाईचे खिळे जुळवून त्या बाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबल छापले. 1922 मध्ये त्या वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. प्रभूची वाट पाहणे म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी हा छापखाना दाखवीन.

आज आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) हे काम एक छोटा गट करतो. 1833 साली पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या संघटनेची ही शाखा. आठवड्याला बैठक होते. कोणाच्या घरी औषधे हवीत, कोणाच्या मुलीची फी राहिली, याची नोंद वहीत होते आणि दोघे-दोघे जाऊन भेटून येतात. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकजण मूठ मिटून आत हात घालतो आणि मोकळा हात बाहेर काढतो, म्हणजे कोणी किती टाकले आणि कोणी काहीच टाकले नाही ते कळत नाही. मदत घेणारी घरे सगळी ख्रिस्ती नाहीत. त्यावरूनही बैठकीत एकदा आवाज चढले होते. आपल्याच लोकांना पुरत नाही, असे एकाचे म्हणणे होते. तेव्हा कोणीतरी 45 वे वचन काढून वाचले आणि वही पुढे सरकली.

मराठीच्या एका अलीकडच्या भाषांतरात ‘कनिष्ठ बंधू’ गेले आहेत. तिथे आहे: ‘माझ्या बांधवातील अगदी लहानातील एकाला’. कानाला ते अधिक सरळ लागते. 22 नोव्हेंबरला वाचकाच्या हातात कोणते पुस्तक असेल ते ज्या त्या चर्चवर आहे. आमच्याकडे बहुधा जुनेच असेल, आणि आजी तिसऱ्या बाकावर बसून आपल्या धाकट्या भावाचे नाव मनात घेतील.