सारीपाटावरचा भिडू

दिवाळीच्या सुट्टीत ल्युडोचा पुठ्ठा मांडला की चार माणसं चार बाजूंनी एकमेकांवर तुटून पडतात. बहीण भावाची सोंगटी मारते, आजोबा नातवाला घरात शिरू देत नाहीत, आणि ज्याच्या चारही सोंगट्या आधी घरात गेल्या तो जिंकला. हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की खेळ मुळात असाच असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ज्या सारीपाटातून ल्युडो निघाला, त्यात समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असत. एकाच्या चार सोंगट्या घरी पोचल्या म्हणून डाव संपत नसे. दोघांच्या मिळून आठ पोचाव्या लागत.

फाशांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा जुगाराचाच इतिहास सांगतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अक्षसूक्त, त्यातला बेहड्याच्या फळांनी खेळून बायको-घर गमावून बसलेला जुगारी, ‘फासे टाकू नकोस, शेती कर’ हा त्याला मिळालेला सल्ला; मग शकुनी, मग द्रौपदी. हे सगळं खरंच आहे. फासे तर त्याहूनही जुने. मोहेंजोदडोच्या उत्खननात ठिपक्यांचे चौकोनी फासे सापडले, त्यांतल्या काहींवर 1 च्या विरुद्ध बाजूला 2, 3 च्या विरुद्ध 4 आणि 5 च्या विरुद्ध 6 अशी मांडणी आहे. आजच्या फाशावर विरुद्ध बाजूंची बेरीज 7 भरते, तशी ती नाही. पण जुगाराच्या बरोबरीने घरातल्या खेळाचाही एक धागा चालत आला आहे, आणि तो पाहायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही.

अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडिताच्या जातकाची चित्रं आहेत. पुण्णक नावाचा यक्ष इंद्रप्रस्थाच्या राजाशी फासे खेळतो आणि राजाचा शहाणा अमात्य पणात जिंकून नेतो. हा झाला दरबारातला द्यूत. तिथून काही तासांच्या अंतरावर वेरूळला 14, 21 आणि 29 क्रमांकांच्या लेण्यांमध्ये शंकर आणि पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. 21 आणि 29 ही लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची. इथे राज्य पणाला नाही, कुणी दास होत नाही. नवरा-बायको बसले आहेत, डाव रंगला आहे, खाली गण नंदीची खोडी काढताहेत. एका शिल्पात पार्वती रुसून उठायच्या बेतात आहे आणि शंकर तिला आणखी एक डाव खेळ म्हणून थोपवतोय, असा भाव अभ्यासकांनी वाचला आहे. मला ही शिल्पं वेरूळच्या भव्य शिल्पांइतकीच मोलाची वाटतात. संसारातला विरंगुळा देवांच्या अंगाने दगडात उतरवावा असं त्या कारागिरांना वाटलं, यातच त्या काळच्या घरांत हा खेळ किती रुळला असेल हे दिसतं. स्कंदपुराणात तर शंकर या खेळात चंद्रकोरीसकट अंगावरचं सगळं हरतो आणि रागावून रानात निघून जातो अशी कथा आहे. नर्मदेकाठी ओंकारेश्वराच्या मंदिरात शेजारतीनंतर आजही गाभाऱ्यात देवांसाठी पट मांडून ठेवतात.

पंचांगानेही घरच्या फाशांना जागा ठेवली. कोजागिरीच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ म्हणत फिरते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या श्लोकाचा पुढचा भाग हल्ली कुणी सांगत नाही: जो जागा राहून फासे खेळत असेल त्याला मी धन देईन, असं ती म्हणते. मसाला दूध राहिलं, फासे गेले. बलिप्रतिपदेचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी पार्वतीने शंकराला हरवलं म्हणून घरोघर पट मांडायचा, आणि त्या दिवशी जिंकेल त्याला वर्ष चांगलं जाईल अशी समजूत. पणाचा मोह मोठा म्हणूनच बहुधा खेळायचे दिवस असे नेमून दिले असावेत.

मराठीत मात्र घरच्या सारीपाटाचं सगळ्यात मोठं चित्र आहे ते आई आणि मुलाचं. तुळशीदास शाहिराच्या तानाजीच्या पोवाड्यात जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहते. पुरंदरच्या 1665 च्या तहात तो मोगलांकडे गेलेला. ती शिवाजीराजांना बोलावून घेते आणि म्हणते, माझ्याशी डाव खेळ. डाव आई जिंकते. राजे तिच्यापुढे एकेका किल्ल्याचं नाव ठेवतात. तिला दुसरा कुठलाच नको, कोंढाणाच हवा. तिथून पुढे तानाजी, त्याच्या मुलाचं लग्न, 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र. ही फाशांची गोष्ट इतिहासाचा दाखला म्हणून कुणी धरत नाही, आणि धरूही नये. पण शाहिराने आईच्या हट्टाला वाट करून देण्यासाठी दुसरं काही न निवडता सोंगट्यांचा डाव निवडला, आणि ऐकणाऱ्यांना तो मुळीच खटकला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. राजाची आई मुलाशी फासे खेळते हे त्यांना स्वाभाविक वाटत होतं. द्यूत म्हटलं की कौरवसभा आठवणाऱ्या समाजातच ही दुसरी आठवणही सुखाने नांदत होती.

आता तो पट जरा जवळून पाहू. कापडाचा, अधिक चिन्हाच्या आकाराचा. मधे एक मोठं घर, चार बाजूंना चार पट्टे. प्रत्येक पट्ट्यात 3 रांगा, प्रत्येक रांगेत 8 घरं, म्हणजे पट्ट्यात 24 आणि सगळी मिळून 96. सोंगट्या 16, चार रंगांच्या, लाखेचा रंग चढवलेल्या लाकडी. फासे तीन, बोटासारखे लांबट, चारच बाजू असलेले, त्यांवर 1, 2, 5 आणि 6 एवढेच आकडे. ते हलवून टाकायचे नाहीत, दोन्ही तळव्यांत घोळवून सोडायचे. एका फाशावर 1 आणि उरलेल्या दोन्हींवर 6 पडले की पौबारा. तीन फाशांच्या 64 शक्यतांपैकी 3 वेळा ते दान येतं, म्हणून आरडाओरडा.

सोंगटी मधल्या घरातून आपल्या पट्ट्याच्या मधल्या रांगेने खाली उतरते, सगळा पट बाहेरच्या घरांतून फिरते आणि परत त्याच रांगेने वर चढून पिकते, म्हणजे घरी पोचते. वाटेत एकटी सापडली तर मारली जाते. दोन सोंगट्या एका घरात आल्या की त्यांचं जुग होतं आणि एकटीदुकटी सोंगटी त्याला हात लावू शकत नाही. तीन फासे म्हणजे एका खेपेला तीन आकडे, ते आपल्या सोंगट्यांत कसे वाटायचे हे खेळणाऱ्याच्या हाती. खरा खेळ इथे आहे. दान नशिबाचं, वाटणी डोक्याची. त्यात भिडूचा विचार आला की डोकं आणखी चालवावं लागतं. भिडूच्या मागे लागलेली सोंगटी आपण मारायची की आपली पिकवायची? आपल्या चारही घरी गेल्या आणि भिडू मागे अडकला तर त्याला आडोसा द्यायला पटावर आपलं कुणीच उरत नाही. म्हणून मुरलेले खेळाडू आपली शेवटची सोंगटी मुद्दाम घराबाहेर ठेवत.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त चौपडचं, म्हणजे उत्तरेतल्या सारीपाटाचं, जे वर्णन केलं आहे ते या पटाशी तंतोतंत जुळतं: तीच 24 घरं, तेच 16 मोहरे, तेच आकडे, आणि दोघांविरुद्ध दोघे. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरसबंदीवर आखलेला पट आजही दिसतो.

सगळ्यांकडे हस्तिदंती किंवा लाकडी फासे कुठून असणार? बहुतेक घरांनी कवड्यांवर काम भागवलं. सहा-सात कवड्या टाकायच्या, उताण्या किती पडल्या ते मोजायचं. त्यातल्या 25 च्या मोठ्या दानावरून पचिसी. त्याहून साधा तो चल्लस आठ. जमिनीवर खडूने नाहीतर कोळशाने पाच बाय पाचची चौकट आखायची, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर फुल्या मारायच्या. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे, खडे, जे सापडेल ते. दानासाठी दोन चिंचोके उभे फोडायचे. चार फाका मिळतात, आतून पांढऱ्या, बाहेरून तपकिरी. एक पांढरी वर आली तर 1, दोन तर 2, तीन तर 3, चारही पांढऱ्या तर 4 म्हणजे चल्लस, आणि सगळ्या तपकिरी पडल्या तर आठ. फाका सारख्या असतील तर 16 पैकी 6 वेळा 2 पडतात आणि चल्लस किंवा आठ प्रत्येकी एकदाच. आठासाठी अडून बसलेल्या मुलांना ही गणिताची बाजू कुणी सांगत नसे, ती हातालाच कळत असे. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही, आणि एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही. हा खेळ बायकांनी आणि पोरांनी जगवला. दुपारी ओटीवर, अंगणात, देवळाच्या पायरीवर.

एकोणिसाव्या शतकात पट बोटीने परदेशी गेला. अमेरिकेत 1874 मध्ये ‘पार्चीसी’ या नावाची व्यापारी नोंदणी झाली. इंग्लंडमध्ये 1891 मध्ये आल्फ्रेड कॉलियरने ‘रॉयल ल्युडो’चं पेटंट घेतलं. जर्मनीत योझेफ श्मिटने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच कुळीचा खेळ काढला आणि पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळांना पेट्या वाटल्यावर तो देशभर गेला. स्पेनमध्ये तो पार्चीस.

कॉलियरच्या पटात काय बदललं? कापडाचा पुठ्ठा झाला, 8 घरांच्या रांगा 6 घरांच्या झाल्या, तीन लांब फाशांच्या जागी एक चौकोनी फासा आला, सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघेना. तीनाचा एक फासा झाला तसा वाटणीचा प्रश्नच संपला. एक आकडा, फार तर चार सोंगट्यांतून एकीची निवड. लहान मुलांना शिकायला सोपं झालं, हे खरं. आणि भिडू गेला. प्रत्येक जण आपापला. तोच पुठ्ठा विसाव्या शतकात खेळण्यांच्या दुकानांतून आपल्याकडे परत आला, मागच्या बाजूला सापशिडी छापून. आपण तो मुकाट घेतला आणि कापडी पट गुंडाळून माळ्यावर गेले.

त्या मागच्या बाजूचीही गोष्ट अशीच आहे. मोक्षपट किंवा ज्ञानचौपड म्हणून ओळखला जाणारा हा पट वैष्णवांमध्ये 72 घरांचा, जैनांमध्ये 84 घरांचा असे. घराघरात गुण-दोषांची, लोकांची नावं, वर मोक्ष. महाराष्ट्रात तो ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरेने मानलं जातं. आज हाती असलेले जुने पट अठराव्या शतकाच्या आसपासचे आहेत, तेव्हा हे श्रेय परंपरेचं म्हणूनच घ्यावं. 1890 च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याची सापशिडी झाली, आणि पुढे घरांतली नावं पुसली जाऊन नुसते आकडे उरले.

2016 मध्ये नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने ‘ल्युडो किंग’ काढला. 2020 च्या टाळेबंदीत पुण्यातली आजी, नागपूरची मावशी आणि परदेशातला नातू एकाच पटावर आले, ही मोठी गोष्ट झाली. त्याच फोनवर पैसे लावायचे ल्युडोही आले आणि जुगाराचा जुना धागा पुन्हा वर आला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मुंबई (आता महाराष्ट्र) जुगार प्रतिबंध अधिनियम तर 1887 पासून आहेच. कायद्याचा रोख पैशाच्या पणावर आहे, घरातल्या पटावर नाही.

भिडू परत आणायला नवा पट विकत घ्यायची गरज नाही. ल्युडोच्याच पुठ्ठ्यावर समोरासमोरचे रंग एका बाजूचे धरायचे. फासे दोन घ्यायचे आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या सोंगट्यांना वाटू द्यायचे. एका रंगाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या की जुग, ते मारायचं नाही. आपल्या चारही पिकल्या की आपलं दान भिडूच्या सोंगट्यांना द्यायचं. आठ पोचल्या की डाव संपला. माणसं आठ असतील तर एकेका रंगाला लहान मूल आणि मोठं माणूस जोडीने बसवावं. मुलाने फासे टाकावेत, चाल दोघांनी ठरवावी.