ईसीजी नॉर्मल आला, मग धडधड कशाची?

खानापूरहून बेळगावला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मला पहिल्यांदा तसं झालं. बस खच्चून भरलेली, मी उभा, मच्छे मागं गेलं आणि एकदम छाती अशी धडधडायला लागली की शेजारच्या माणसाला ऐकू जात असेल असं वाटलं, मग हाताला मुंग्या, ओठ बधिर, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि डोक्यात एकच की आपण आता इथंच मरतोय. पिरनवाडीला कसाबसा उतरलो, एका दुकानाच्या कट्ट्यावर बसलो. दुकानातल्या मावशींनी पाणी दिलं, "पित्त झालं असंल, लिंबूपाणी घे की" म्हणाल्या. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं शांत झालं, जणू काही झालंच नव्हतं. त्याच दिवशी एका दवाखान्यात ईसीजी काढला. नॉर्मल. "काही झालेलं नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका" असं सांगून गॅसची गोळी दिली आणि घरी पाठवलं.

पुढच्या चार महिन्यांत मी अजून तीन ईसीजी काढले, सगळे नॉर्मल. आणि बस सोडली. आधी गर्दीची बस सोडली, मग सगळ्याच बस, मग लग्नाचे हॉल, मग शुक्रवारी बाजारात जाणं. हे इतकं सविस्तर सांगतोय कारण आपल्याकडं अशी माणसं घराघरात आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना अजून कुणी सांगितलेलंच नाही की याला नाव आहे, कारण आहे आणि उपचारही आहेत. एनझायटी, म्हणजे चिंतेचा आजार, आणि माझ्या बाबतीत तिचाच एक प्रकार, पॅनिक, म्हणजे अचानक येणारे भीतीचे झटके.

"काही झालेलं नाही" हे अर्धंच खरं होतं. हृदयाला काही झालेलं नव्हतं, पण शरीरात बरंच काही घडत होतं. मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला खोलवर, बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला म्हणतात त्याला, धोका दिसला की घंटा वाजवायचं काम त्याचं. समोर साप आला तर आपण विचार करायच्या आधीच मागं उडी मारतो ती त्याच्यामुळं. घंटा वाजली की मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात, हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, पोटाकडचं रक्त हातापायाकडं वळतं कारण पळायचं किंवा लढायचं असतं, म्हणून तर पोटात कालवतं, तोंड कोरडं पडतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं. खरा साप असेल तर हे सगळं उपयोगाचं. एनझायटीमध्ये साप नसतो, पण घंटा तीच वाजते आणि शरीर तेच सगळं करतं. म्हणजे धडधड खोटी नसते, मनाचे खेळही नसतात, घरच्यांनी हे आधी समजून घ्यायला पाहिजे.

मुंग्यांचं तर मला फार आश्चर्य वाटलं होतं. घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घ्यायला लागतो, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर टाकला जातो, रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. मग मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात, म्हणून डोकं हलकं होतं, गरगरतं, आजूबाजूचं सगळं स्वप्नात असल्यासारखं वाटतं. रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल सरकतो, त्यात रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. आणि गंमत नाही, दुष्टचक्र आहे हे: माणसाला वाटतं श्वास पुरत नाहीये, म्हणून तो अजून जोरात ओढतो, म्हणजे अजून मुंग्या, अजून भीती. माझ्या हाताला मुंग्या आल्या तेव्हा मी पॅरालिसिस समजलो होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथंच गेली असती.

आता आपल्या भागाची एक गोष्ट. आपल्याकडं कुणी "मला एनझायटी आहे" असं म्हणत नाही. आजी म्हणते "जीव घाबरा व्हालाय बघ", शेजारच्या काकू म्हणतात "पोटात गोळा येतोय", कुणी म्हणतं जिवाची घालमेल, कुणी छातीत कसंतरीच. कानडी शेजारी म्हणतात "गाबरी आगतद", "एदी डवडव अन्नतद", म्हणजे घाबरं होतंय, छाती धडधडतेय. आपला घाबरा आणि त्यांची गाबरी, ऐकायलासुद्धा शब्द सख्खे भाऊ वाटतात, दोन्हीकडं भीती आधी शरीरातून बोलते. म्हणूनच माणूस आधी हार्टच्या डॉक्टरकडं जातो, मग पोटाच्या, मग मानेच्या, मग कुणीतरी म्हणतं बाहेरचं काय तर झालंय आणि दृष्ट काढली जाते, सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन येतात. देवाला जाण्यात काही वाईट नाही, माझी आई पण गेली, तिला त्यानं बळ आलं आणि ते मला दिसत होतं. पण वर्षं यात निघून जातात. बेंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली होती, त्यात नैराश्य, एनझायटी यासारखे नेहमी दिसणारे त्रास असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोक उपचाराबाहेर असल्याचं दिसलं. शंभरातले पंच्याऐंशी.

मग साधी काळजी आणि आजार यात फरक कसा करायचा? मुलीची दहावी आहे, उसाचं बिल कारखान्यानं थकवलंय, मागाला सूत नाही, याची काळजी वाटणारच, ती वाटलीच पाहिजे. पण काळजी एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहते, थांबवू म्हटलं तर थांबत नाही, बहुतेक सगळे दिवस तसंच आणि असं सहा महिने चाललंय, त्यासोबत झोप उडालीय, मान-खांदे आखडलेत, चिडचिड होतेय, लक्ष लागत नाही, लगेच थकवा येतो, तर डॉक्टर त्याला जनरलाइज्ड एनझायटी म्हणतात. माझ्यासारखे अचानक येणारे झटके, दहा-एक मिनिटांत कळसाला जाणारे, आणि मधल्या दिवसांत "परत येईल का" ही भीती, हा पॅनिक डिसऑर्डर. चार लोकांसमोर बोलायला, जेवायला, सही करायलासुद्धा हात कापतो तो सोशल प्रकार. अजून आहेत, पण नावं पाठ करून उपयोग नाही.

डॉक्टर बऱ्याचदा एक सात प्रश्नांचा कागद वापरतात, जीएडी-7 म्हणतात त्याला, 2006 पासून जगभर वापरात आहे. मागच्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी आवरता आली नाही का, नुसतं बसवत नव्हतं का, काहीतरी भयंकर होणार असं वाटलं का, असे प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 21. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासून घ्यायला पाहिजे. निदान त्या कागदावर होत नाही, तो फक्त दार दाखवतो. मला विचाराल तर माझा प्रश्न अजून सोपा आहे: या त्रासामुळं तुम्ही काय काय करायचं सोडलंय? बस, लिफ्ट, बारसं-लग्न, एकट्यानं घरी राहणं, फोन उचलणं. यादी वाढत चालली असेल तर थांबू नका.

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट. हा लेख वाचून कुणी छातीतली कळ "एनझायटी असंल" म्हणून घरी बसू नये. पहिल्यांदाच छातीत दुखतंय, वय चाळीसच्या पुढं, शुगर-बीपी आहे, तंबाखू किंवा सिगरेट आहे, कळ डाव्या हाताकडं, जबड्याकडं चाललीय, दरदरून घाम, चढ चढताना दुखतं आणि बसलं की थांबतं, तर सरळ कॅज्युअल्टी, आणि लगेच. बायकांना आणि शुगरवाल्यांना हार्ट अटॅकमध्ये कळ न येता नुसता दम किंवा मळमळ एवढंच होऊ शकतं. हृदय आधी तपासायचं. त्याबरोबर थायरॉइड, कारण थायरॉइड जास्त चालत असेल तर हुबेहूब हाच त्रास होतो, धडधड, थरथर, वजन उतरणं, आणि हिमोग्लोबिनही बघा, रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. दिवसाला आठ-दहा कप चहा घेणाऱ्यांनी तो आधी कमी करून बघावा. माझा एकच आग्रह आहे, रिपोर्ट एकदा नॉर्मल आले की तेच तेच टेस्ट पुन्हा करत राहू नका. प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट दोन दिवस बरं वाटवतो आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येते, मी यात पैसे घालवलेत.

उपचार दोन बाजूंनी होतात, बोलण्याचे आणि गोळ्यांचे, एकटे किंवा मिळून. बोलण्याच्या उपचारात सगळ्यात जास्त तपासलेला प्रकार म्हणजे सीबीटी, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं हळूहळू बदलायचा उपचार. नुसतं धीर देणं नाही ते. मी पिरनवाडीला उतरलो, थोड्या वेळानं बरं वाटलं, आणि माझ्या मेंदूनं तिथं धडा घेतला की उतरलो म्हणून वाचलो. खरं तर बसमध्ये राहिलो असतो तरी झटका उतरणारच होता, कारण अॅड्रेनालिन शरीरात फार वेळ टिकत नाही. पण मेंदूला ते बघायलाच मिळालं नाही. मग ते त्याला दाखवावं लागतं, थोडं थोडं. माझ्या थेरपिस्टनी एक शिडी काढून दिली, पहिल्या आठवड्यात थांबलेल्या बसमध्ये नुसतं बसायचं, मग पिरनवाडी ते बेळगाव एवढंच, सोबत भाऊ, मग तेवढंच एकट्यानं, मग मच्छेपासून, मग खानापूरपासून दुपारच्या रिकाम्या बसनं, शेवटी सकाळच्या गर्दीत. प्रत्येक पायरीवर धडधड व्हायची, आणि उतरायचं नाही, ती कमी होईपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी रडलो मी. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला धडधड स्वतःहूनच कमी आली, ते मी अजून विसरलेलो नाही.

गोळ्यांबद्दल आपल्याकडं गैरसमज फार. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण त्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासात काम करत नाहीत, नीट गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी उलट थोडी वाढू शकते. नेमकं तिथंच लोक सोडतात, "गोळी बाधली" म्हणून. डॉक्टरला फोन करा, सोडू नका, आणि बरं वाटल्यावरसुद्धा बरेच महिने घ्यायची असते, मग हळूहळू कमी करत थांबवायची. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, दुसरी औषधं चालू असतील तर ते आधी सांगा.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांचं वेगळं आहे. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं, म्हणून माणूस त्यांच्या प्रेमात पडतो, पण रोज काही आठवडे घेतल्या तर शरीराला सवय लागते आणि एकदम बंद केल्या तर त्रास दुपटीनं येतो, कधी फिटसुद्धा येते. थोडे दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठीक. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणत राहणं, किंवा "मला गुण आला, तू पण घे" म्हणून मेव्हण्याला देणं, हे अजिबात नको. आधीच रोज घेत असाल तर हे वाचून आज बंद करू नका, डॉक्टरकडून टप्प्याटप्प्यानं कमी करून घ्या. दारूचंही तसंच, रात्री उतारा वाटतो, सकाळी धडधड व्याजासकट परत.

कुठं जायचं? बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे, केएलई हॉस्पिटलमध्ये आहे, खाजगी डॉक्टर आहेत. धारवाडला डिमहान्स आहे, ब्रिटिश काळापासूनचं मनोरुग्णालय, आता मोठी संस्था, "वेड्याचं हॉस्पिटल" म्हणून तिथं जायला लाजतात पण ओपीडीत बसलेली माणसं तुमच्या-माझ्यासारखीच असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना मुळात आपल्याच कर्नाटकात, बळ्ळारीत, 1980 च्या दशकात उभा राहिला, आणि आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही ठराविक दिवशी मानसोपचार डॉक्टर येतात, खानापूर, चिकोडी, कुठलंही असो, चौकशी करून दिवस विचारून घ्या. निपाणीची माणसं कोल्हापूरला जातात, अथणीकडची मिरजेला, जवळ पडतं, फक्त आपलं सरकारी कार्ड पलीकडं, महाराष्ट्रात, चालतं का ते आधी विचारा. इन्शुरन्स असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं. आणि घरातून उठायचंच होत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही आणि कानडीतही बोलता येतं. जगू नये असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच फोन करा, घरच्या कुणालातरी आजच सांगा.

भाषेचं ओझं सीमाभागात खरंच असतं. आपण मराठीत घाबरतो, डॉक्टर कानडीत विचारतात, फाईल इंग्रजीत. पाच मिनिटांत "टेन्शन आहे" एवढंच तोंडातून निघतं. म्हणून घरीच एक चिठ्ठी लिहा, आपल्या शब्दात: कधीपासून, किती वेळ टिकतं, आठवड्यातून किती वेळा, शरीरात कुठं कुठं, झोप कशी, चहा-तंबाखू-दारू किती, चालू गोळ्या कुठल्या, काय करायचं सोडलं. कानडी येणारा मित्र सोबत न्या. माझ्या चिठ्ठीवर पहिली ओळ होती, "बसमध्ये बसवत नाही", आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारला.

घरच्यांसाठी एवढंच. हृदयाचं नाही हे आधी तपासून झालंय आणि तरी झटका आलाय, अशा वेळी "काही नाही होत" म्हणू नका, "मनाला लावून घेतोस" तर अजिबात नको. शेजारी बसा. गर्दी हटवा, पण त्याला लगेच उचलून दुसरीकडं नेऊ नका. तुम्हीच हळू श्वास घ्या, नाकानं आत, त्याहून सावकाश बाहेर, तो बघून बघून तसाच घ्यायला लागतो. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय करू नका, दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर तो धोक्याचा. घड्याळ बघून सांगा की दहा मिनिटं झाली, आता उतरेल. पाणी द्या, चहा नंतर.