पेट्रोलच्या टाकीत पाणी येतं कुठून?

मिनेसोटात किंवा टोरांटोत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एक सल्ला हमखास मिळतो: टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नकोस, रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होतं, ते गोठतं आणि गाडी बंद पडते. टाकी भरलेली ठेवावीच. बर्फाच्या वादळात हायवेवर अडकलात तर हीटर चालवायला इंधन लागतं. पण पाण्याचं कारण हिशेबात टिकत नाही.

20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम बाष्प मावतं. 50 लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल तर आत 25 लिटर हवा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी बाष्प. त्या सगळ्याच्या सगळ्याचं पाणी झालं तरी होतात जेमतेम आठ-नऊ थेंब! महिनाभर रोज नव्याने तितकीच दमट हवा आत आली असं धरलं, तरी बारा-तेरा मिलिलिटर. शिवाय हिवाळ्यातली बाहेरची हवा मुळातच कोरडी असते.

एवढं पाणी तिथलं पेट्रोल सहज पचवतं, कारण त्यात साधारण 10 टक्के एथेनॉल असतं. खरी गंमत इथे आहे. एथेनॉलच्या रेणूचं एक टोक कार्बन-हायड्रोजनचं, ते पेट्रोलच्या रेणूंत रमतं. दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, ती पाण्याच्या रेणूशी हायड्रोजन बंध जोडते. त्यामुळे एरवी पेट्रोलमध्ये जवळजवळ न विरघळणारं पाणी एथेनॉलच्या आधाराने विरघळून राहतं, आणि इंजिनात वाफ होऊन निघून जातं. 15 अंशांच्या आसपास अशा पेट्रोलमध्ये सुमारे अर्धा टक्का पाणी मावतं. अर्ध्या टाकीत सव्वाशे मिलिलिटर.

मात्र तापमान उतरलं की ही मर्यादाही उतरते. रेणूंना एकमेकांत मिसळून ठेवणारी उष्णतेची धडपड मंदावते आणि पाणी-एथेनॉलमधलं आकर्षण वरचढ ठरतं. मर्यादा ओलांडली की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. या थरात एथेनॉल भरपूर, म्हणून त्याचा बर्फ सहसा होत नाही. तरीही गाडी अडते, कारण पंप टाकीच्या तळातूनच इंधन खेचतो आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणी मिसळलेला अल्कोहोल मिळतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता) घसरलेला असतो.

आपल्याकडे 20 टक्के एथेनॉल आल्यापासून ‘एथेनॉल हवेतलं पाणी ओढून टाकी भरतं’ अशी भीती पसरली आहे. एथेनॉल पाणी शोषतं हे खरं, पण 20 टक्क्यांच्या पेट्रोलची पाणी सामावण्याची क्षमता 10 टक्केवाल्यापेक्षा जास्त असते, ही बाजू कुणी सांगत नाही.

थंड देशांत ‘पाणी घालवणाऱ्या’ औषधाच्या बाटल्या खपतात. त्यांत बहुधा अल्कोहोलच असतो. एथेनॉलविरहित पेट्रोलमध्ये त्याचा उपयोग आहे. पण 50 लिटर मिश्रणात आधीच पाच लिटर एथेनॉल असताना तीनशे-साडेतीनशे मिलिलिटरने कितीसा फरक पडणार? जास्त पाण्यामुळे थर एकदा वेगळे झाले की टाकी रिकामी करणं हाच इलाज.

पाणी येतं ते टाकीच्या झाकणाचं रबर फाटल्यामुळे, उघड्यावर ठेवलेल्या कॅनमधून, किंवा पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचं वा वितळलेल्या बर्फाचं पाणी शिरल्यामुळे. लक्ष तिथे द्यावं.

डिझेलचं गणित वेगळं. त्यात पाणी सामावून घेणारं एथेनॉल नसतं, त्यामुळे पाणी सुटं राहतं आणि फिल्टरमध्ये खरोखरच गोठतं. त्यात अल्कोहोल मात्र ओतू नये. पंप आणि इंजेक्टरला डिझेलचंच वंगण लागतं, ते कमी होतं. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या फिल्टरखाली पाणी साठायची वाटी असते. थंडी पडण्याआधी तिचा तळाचा स्क्रू सैल करून, स्वच्छ डिझेल दिसेपर्यंत पाणी भांड्यात काढून घ्यावं.