कुष्ठरोग बरा होतो, कायदा मागे राहतो

घरोघरच्या कुष्ठरोग तपासणीत आशाताई एक साधी चाचणी करतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, की त्या माणसाला डोळे मिटायला सांगतात. मग बॉलपेनचं टोक चट्ट्यावर हलकेच टेकवतात आणि विचारतात, "कुठे लागलं, बोट ठेवा." निरोगी कातडीवर बोट नेमकं जागेवर जातं. चट्टा कुष्ठरोगाचा असेल तर बहुधा तिथे स्पर्श झालेला कळतच नाही. आपल्या खानदेशात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर असो की पारोळ्याच्या कापूसपट्ट्यात, असा चट्टा बऱ्याचदा अंगावरच काढला जातो. कारण सरळ आहे : "दुखस नही, खाजस नही, मंग डाक्टरकडे कसाले जावानं?"

या न दुखण्यामागे एका जिवाणूची विचित्र जीवनपद्धती आहे. नॉर्वेच्या आर्मौर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये 'मायकोबॅक्टेरियम लेप्री' शोधला. आपल्या आतड्यातला साधा ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, क्वचित वीसही. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात तो आजही वाढवता येत नाही. त्याला गारवा मानवतो, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. शरीराच्या आतल्या उबेत तो रमत नाही. कातडी, नाक, कानाच्या पाळ्या आणि कातडीलगतच्या नसा त्याला आवडतात. कोपराजवळची नस बिघडली की करंगळी आणि अनामिका वाकू लागतात. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात, पण बधिर बोटाला ते कळत नाही. तापलेला तवा उचलला जातो, फोड येतो, जखम चिघळते. बोटं झडतात ती जिवाणूने खाल्ल्यामुळे नव्हे, तर वेदनेचा पहारा उठल्यामुळे.

आणि हा रोग मुळात फारसा संसर्गजन्य नाही. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला दारातच अडवते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन या औषधांचा बहुविध उपचार सुचवला. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो, आणि उपचार सुरू होताच थोड्या दिवसांत त्याच्यापासून इतरांना लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात.

विज्ञानाची बाजू अशी स्पष्ट आहे. कायद्याची बाजू पाहिली की मन विषण्ण होतं.

१८९०-९१ मध्ये भारतात फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाने हा रोग फार थोड्या प्रमाणात पसरतो असं नोंदवलं होतं. तरीही १८९७ च्या बर्लिन परिषदेने रुग्णांना वेगळं ठेवण्याचा आग्रह धरला आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे 'लेपर्स अॅक्ट' आला. त्याचा रोख निराधार, गरीब रुग्णांवर होता. त्यांना पकडून आश्रमात डांबता येत असे. सार्वजनिक विहिरीवर अंघोळ करायला, खाण्याचे पदार्थ बनवून विकायला बंदी घालता येत असे. स्वातंत्र्यानंतरही विचार फारसा बदलला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात 'उग्र आणि असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरलं. १९५५ मध्ये हे शब्द निदान समजण्यासारखे होते. बहुविध उपचारानंतर असाध्य कुष्ठरोग उरलाच नाही, पण ओळ तशीच राहिली. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरुग्णाला निवडणूक लढवायला बंदी होती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सोबत, अशी तरतूद आता ठेवावी का याचा कायदेमंडळाने गांभीर्याने विचार करावा, असंही म्हटलं.

न्यायालयापुढे येतो तो एक खटला. सगळे कायदे समोर मांडून कुठल्या ओळीखालचं विज्ञान शिळं झालंय हे तपासणं हे वेगळं काम आहे, आणि त्यासाठी भारताचा विधी आयोग आहे. ब्रिटिश काळातला पहिला आयोग १८३४ चा, मॅकॉले यांचा. त्याच्याच कामातून पुढे भारतीय दंड संहिता आली. स्वतंत्र भारताचा पहिला आयोग १९५५ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली बसला. त्यानंतर केंद्र सरकार साधारण तीन-तीन वर्षांसाठी नवा आयोग नेमत आलं आहे. अध्यक्षपदी बहुधा निवृत्त न्यायाधीश असतात, सोबत पूर्णवेळ आणि अर्धवेळ सदस्य, कायद्याचे अभ्यासक, संशोधन करणारी तरुण मंडळी. विषय सरकारकडून येतो, न्यायालयाकडून येतो किंवा आयोग स्वतःच हाती घेतो. जुनी कलमं, निकाल, परदेशातले कायदे वाचले जातात, अनेकदा लोकांची मतं मागवली जातात. शेवटी अहवाल विधी मंत्रालयाकडे जातो. तो कुणावरही बंधनकारक नसतो. आयोगाच्या हाती असतो तो फक्त युक्तिवाद, आणि मला हे काम म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

एप्रिल २०१५ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या आयोगाने २५६ वा अहवाल दिला. शहा मूळचे सोलापूरचे. अहवालाचा विषय होता कुष्ठरोगबाधितांविरुद्धचा भेदभाव. विवाहापासून भिक्षाप्रतिबंधापर्यंतचे कायदे त्यात एकेक करून तपासले आहेत आणि वैद्यकशास्त्र काय सांगतं ते शेजारी मांडलं आहे. १८९८ चा कायदा रद्द करा, घटस्फोटाचं कलम काढा, कुष्ठरुग्णांच्या वसाहतींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क द्या, अशा शिफारशी करून आयोग थांबला नाही. त्याने विधेयकाचा मसुदाही सोबत जोडला.

काही गोष्टी झाल्या. 'लेपर्स अॅक्ट' २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ च्या एका दुरुस्तीने पाच वैयक्तिक कायद्यांमधून कुष्ठरोगाचा आधार काढून टाकला, त्यात हिंदू विवाह कायदाही होता आणि ख्रिस्ती लोकांसाठीचा १८६९ चा घटस्फोट कायदाही. मोफत औषध मिळू लागून तोवर अनेक वर्षं लोटली होती. त्या काळात चट्टा लपवणाऱ्या सासुरवाशिणीला आपण दोष कसा द्यायचा? नवऱ्याला कळलं तर तो न्यायालयात जाऊ शकत होता. ती लपवायची, उपचार लांबायचा, नस कायमची जायची, बोटं वाकायची. आणि ती वाकलेली बोटं बघून गाव म्हणायचं की हा रोग भयंकरच आहे. ज्या भीतीतून कायदा झाला, तीच भीती तो कायदा पुन्हा जन्माला घालत होता. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, म्हणून हा जुना इतिहास नाही.

मसुद्यातला मोठा भाग मात्र अजून कायदा झालेला नाही. नोकरी, शाळा, प्रवास, सार्वजनिक जागा यांत कुष्ठरोगावरून भेदभाव करायचा नाही, असं सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा संसदेने केलेला नाही. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चार मतदारसंघांतून आपले खासदार लोकसभेत जातात. प्रचाराला ते दारी येतील तेव्हा २५६ व्या अहवालाचं काय झालं, हे त्यांना विचारता येईल. मसुदा नव्याने लिहायचीही गरज नाही.