बीडीपी: पुण्याच्या टेकड्यांवरच्या आरक्षणाची पार्श्वभूमी

पुण्यात बांधकाम व्यवसायात आणि सकाळी टेकडी चढणाऱ्यांच्या गप्पांत एक शब्द सारखा कानावर पडतो: बीडीपी. लांब नाव बायोडायव्हर्सिटी पार्क, म्हणजे जैवविविधता उद्यान. नावावरून बाग, कारंजी, बाकडी डोळ्यांसमोर येतात, पण हे विकास आराखड्यातलं आरक्षण आहे. महापालिकेत 1997 मध्ये आलेल्या गावांमधल्या डोंगरमाथ्यांवर आणि उतारांवर, सुमारे 978 हेक्टर जमिनीवर ते पडलं आहे.

टेकड्या राखायच्या ही कल्पना त्याहून जुनी. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 22 मध्ये, विकास आराखड्यात काय काय असावं हे सांगताना निसर्गसौंदर्याच्या जागा जपण्याचाही उल्लेख आहे. 1987 च्या पुण्याच्या आराखड्यात जुन्या हद्दीतल्या टेकड्या 'डोंगरमाथा-डोंगरउतार' विभागात होत्या. तिथे मालकी मालकाचीच राहिली, बांधकामाला मात्र जवळपास वाव उरला नाही. तेव्हा बोलणं होतं ते मोकळ्या हवेचं, उताराचं, शहराच्या देखाव्याचं. त्या उतारावर काय जगतं, हा प्रश्न नियोजनाच्या भाषेत अजून आलेला नव्हता.

1997 मध्ये आसपासची 38 गावं हद्दीत आली. पुढे काही वगळली गेली आणि 23 उरली. बाणेर, बावधन, वारजे, कोंढवा, कात्रज या बाजूंच्या टेकड्या अशा रीतीने शहराच्या झाल्या. त्यांचा आराखडा तयार होत होता त्याच सुमारास, 2002 मध्ये, देशात जैविक विविधता कायदा झाला. माजी महापौर वंदना चव्हाण, शहरातले पर्यावरण अभ्यासक आणि अनेक नागरिक टेकड्यांसाठी उभे राहिले, हजारो पुणेकरांनी सह्या दिल्या. शहराच्या आराखड्यात 'जैवविविधता' या नावानेच जमीन राखायची, हे त्या काळी खरोखर धाडसाचं होतं.

धाडस अशासाठी की ही जमीन कागदावर काहीच नसते. सातबाऱ्यावर अशा उताराची नोंद बहुधा 'पोटखराबा' म्हणून असते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मे महिन्यात टेकडीवर उभं राहिलं तर ते खरंही वाटतं. माती वीतभरसुद्धा नाही, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. सालई, मोई, गणेर पानं झाडून उभी. पण जूनच्या दोन सरी पडू द्या. आठवड्याभरात त्याच मुरमातून गवताची पाती वर येतात, सफेद मुसळीची पांढरी फुलं उमलतात, ओढ्याच्या झाडीतून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. हे सारं वर्षभर त्या थोड्याशा मातीतच दडलेलं असतं. पोकलेनने उतार एकदा कापला की ती माती परत येत नाही. वर कितीही रोपं लावली तरी नाही. टेकड्या 'हिरव्या' करण्यासाठी लावलेल्या गिरिपुष्पाखाली स्थानिक गवत कसं हटलं, हे पुणेकरांनी पाहिलंच आहे.

शहराचं पाणीही याच डोंगरांशी बांधलेलं आहे. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. पेशवाईत त्याच खोऱ्यातलं पाणी कात्रजच्या तलावात अडवून नळाने शहरात आणलं होतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याच ओढ्याच्या पुराने लोकांचे जीव घेतले.

महापालिकेने 2005 मध्ये बीडीपीचा प्रस्ताव मंजूर केला. राज्य सरकारने बाकीचा आराखडा टप्प्याटप्प्याने मंजूर केला, बीडीपी मात्र मागे राहिलं. निर्णय यायला 2015 उजाडलं. आरक्षण कायम झालं आणि जमीनमालकांना मोबदला ठरला 8 टक्के टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क.

खरी गाठ इथे आहे, असं मला वाटतं. जुन्या हद्दीत टेकडी हा विभाग होता, नव्या गावांत ती आरक्षण झाली. विभागात वापरावर बंधन येतं, जमीन घ्यावी लागत नाही. आरक्षणात ती शाळेच्या किंवा दवाखान्याच्या जागेसारखी ताब्यात घ्यावी लागते, म्हणजे मोबदला आला. ज्याची पिढ्यान् पिढ्यांची जमीन टेकडीवर आहे आणि शेजारच्या सपाटीवरचा भाव डोळ्यांसमोर आहे, त्याला 8 टक्के मान्य होणं कठीणच. त्याची तक्रार खोटी नाही. परिणाम असा की फारच थोडी जमीन महापालिकेच्या ताब्यात आली. उरलेल्या भागात ठिकठिकाणी गुंठ्यागुंठ्याने तुकडे पडले, पत्र्याच्या शेड आल्या, मग पक्की घरं.

एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीवरून जाणारा रस्ता आणि बोगद्यांविरोधात मोठा मोर्चा निघाला. ती टेकडी जुन्या हद्दीतली, तिचे नियम वेगळे, पण मोर्चात बीडीपीचे फलकही दिसणं स्वाभाविक होतं. 2025 मध्ये राज्य सरकारने बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउतार या दोन्हींचा विचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला. त्याच वर्षी 2015 च्या मंजुरीला दहा वर्षं झाली. नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर त्या तुकड्यावरचं आरक्षण रद्द होतं.